वायर बेंडिंग: तार सरळ करण्यापासून अ‍ॅडम्स क्लास्पपर्यंत

दंतवैद्यकीत, बीडीएसच्या प्रीक्लिनिकलला (पेशंट बघण्याआधीच्या लॅबच्या सरावाला) किंवा एमडीएसच्या पहिल्या सहा महिन्यांत, दात सरळ करायच्या प्लेटच्या तारा बनवायला हातात तार आणि प्लायर, म्हणजे पकड, येतो आणि आपल्याला वाटतं यात काय, तार तर वाकवायचीय. मलाही तसंच वाटलं होतं. पहिला लेबियल बो (पुढच्या दातांवरून जाणारी तारेची कमान) घेऊन मी मॅडमकडे गेले, त्यांनी तो कास्टवर, म्हणजे दातांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीवर, ठेवलाच नाही, नुसता टेबलावर ठेवला आणि तो खुर्चीसारखा एका पायावर डुगडुगला. "परत कर." असं अकरा वेळा झालं. त्या अकरा वेळांत मला जे कोणी नीट सांगितलं नाही ते इथे लिहितेय, क्रमाने, म्हणजे तुमचा निदान तारेचा तरी खर्च वाचेल.

आधी सामान. तार म्हणजे स्टेनलेस स्टीलची, ज्याला अठरा-आठ म्हणतात, म्हणजे साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. क्रोमियममुळे गंज येत नाही, म्हणून तोंडात चालते. जाडी लक्षात ठेवायची ती मिलिमीटरमध्ये, दुकानदार गेज सांगेल तरी. 0.7 मिमी म्हणजे आपली 21 गेज, लेबियल बो आणि दाढेवरचा अ‍ॅडम्स क्लास्प यातच होतो (क्लास्प म्हणजे प्लेट दाताला धरून ठेवणारी तार). 0.9 मिमी म्हणजे 19 गेज, जाड, दाताला सी आकारात वेढणाऱ्या सी क्लास्पला लागते. स्प्रिंगसाठी 0.5 मिमी. सुरुवातीला या तीनच घ्या. आणि रोलवर चिकटपट्टीने जाडी लिहून ठेवा कारण दोन सुटे तुकडे शेजारी पडले की 0.6 आणि 0.7 डोळ्याला कळत नाहीत, आणि मग तासभर मेहनत करून झाल्यावर कळतं की क्लास्प चुकीच्या तारेत केलाय.

प्लायर दोन. एक युनिव्हर्सल, ज्याला अ‍ॅडम्स प्लायर पण म्हणतात, त्याची दोन्ही टोकं चौकोनी निमुळती असतात, कोन काढायला हा. दुसरा 139 नंबरचा बर्ड बीक, त्याचं एक टोक गोल निमुळतं आणि दुसरं चौकोनी, गोलाई आणि कॉइल काढायला हा. गोल टोक ज्या बाजूला, त्या बाजूला तार वळवली तर वळण गोल येतं, चौकोनी टोकावरून वळवली तर कोन येतो, इतकंच गणित आहे पण पहिला महिना लोक हेच उलटं करतात. कटर मात्र वेगळा घ्या. प्लायरच्या टोकाने तार तोडायचा प्रयत्न केला की टोकाला खाच पडते आणि मग तो प्लायर प्रत्येक तारेवर ओरखडा काढत बसतो. तारेवर खूण करायला ग्लास मार्किंग पेन्सिल. फाइलने खूण करू नका, का ते शेवटी सांगते.

आणि चष्मा. तार कापताना लहान तुकडा गोळीसारखा उडतो. कापताना दोन्ही टोकं हातात धरा किंवा तळहाताने झाका. नंबर नसला तरी साधा चष्मा लावा.

पहिले तीन दिवस फक्त सरळ करणं

रोलवरून काढलेली तार वाकडीच असते. सहा इंच कापा आणि प्लायर न वापरता सरळ करा. अंगठा आणि तर्जनीमध्ये धरायची, वाकाच्या उलट्या बाजूला अंगठ्याने हलका दाब देत ओढत न्यायची, शेवया ओढल्यासारखं, घाई नाही. मग काचेवर किंवा टाइलवर ठेवून बघायचं. टाइलला सगळीकडे टेकली तर सरळ. मग 90 अंश फिरवून परत बघायचं, कारण एका बाजूने सरळ दिसणारी तार दुसऱ्या बाजूने होडीसारखी असू शकते.

हे कंटाळवाणं आहे मान्य आहे. पण या तीन दिवसांत बोटाला एक गोष्ट कळते जी पुस्तकातून कळत नाही: तार थोडी वाकवली तर सोडल्यावर मूळ जागी परत येते, आणि एका ठराविक हद्दीपलीकडे वाकवली तरच वाकलेली राहते, तेही सगळी नाही, थोडी मागे येतेच. म्हणून 90 अंश हवे असतील तर 95-100 पर्यंत न्यावं लागतं. किती जास्त न्यायचं ते जाडीवर आणि रोलवर अवलंबून, ते बोटालाच कळतं.

मग ग्राफ पेपरवर एक इंचाचा चौकोन, त्रिकोण, एका ओळीत चार यू, एका ओळीत चार व्ही, एक गोल. पेपरवर ठेवल्यावर रेषेवर रेषा बसली पाहिजे आणि सगळी आकृती टाइलवर सपाट टेकली पाहिजे. माझा पहिला चौकोन जमिनीवरून उठलेल्या पापडासारखा होता.

आता ती मुख्य गोष्ट. प्लायर फक्त धरतो, वाकवतं बोट. प्लायर मनगटाने फिरवून तार वाकवली की वळण कुठे येईल यावर ताबा राहत नाही, तार पिळवटते आणि प्लायरचे दात तारेत रुततात. बरोबर पद्धत अशी की प्लायर एका हातात स्थिर, जिथे वाक हवा बरोबर त्या खुणेच्या किंचित अलीकडे टोक, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने प्लायरच्या अगदी जवळून तार ढकलायची. लांबून ढकललं तर कोन न येता कमान येते. प्लायर घट्ट दाबायचीही गरज नाही, तार घसरणार नाही इतपतच.

दुसरी गोष्ट, चुकलेला वाक एकदा सुधारा, दुसऱ्यांदा नाही. स्टीलची तार जितकी वाकवाल तितकी त्या जागी कडक होत जाते, आणि तीन-चार वेळा इकडून तिकडे केलं की ठिसूळ होऊन तुटते. आज तुमच्या हातात नाही तुटली तर दीड महिन्याने पेशंटच्या तोंडात तुटेल. तार स्वस्त आहे, फेका आणि नवीन घ्या. मी स्वतः हे मानायला फार वेळ घेतला, प्रत्येक तुकड्यावर जीव असतो ना, तासभर घालवलेला असतो.

लेबियल बो

हॉले प्लेट, म्हणजे टाळूवर बसणारी, अ‍ॅक्रेलिक प्लास्टिकची, काढता-घालता येणारी प्लेट, तिच्यातला पुढचा वळसा तो हाच. साधा शॉर्ट लेबियल बो घेऊया, 0.7 मिमी, सहा इंच.

कास्ट आधी बघा. प्लास्टरपेक्षा स्टोनचं (जास्त कठीण जातीचं प्लास्टर) कास्ट घ्या, प्लास्टरवर तार चार वेळा ठेवली की दाताचा कोपराच झिजतो आणि मग तुम्ही झिजलेल्या दाताला बो फिट करत बसता. बुडबुडे खरवडून काढा. पेन्सिलने पुढच्या चार दातांच्या मधल्या भागातून आडवी रेष काढा, तार तिथे बसणार.

आता सरळ केलेली तार अंगठ्याने कमानीत आणा, प्लायर अजून बाजूलाच. कमान सगळ्यात पुढे आलेल्या दातांना टेकली पाहिजे, आत गेलेल्या प्रत्येक दाताच्या मागे मागे जायचं नाही. नवशिके हमखास हे करतात, वाकड्या दातांच्या प्रत्येक खाचेत तार घुसवतात, आणि मग ती तार वाकडेपणाच जपून ठेवते. कमान एका सपाटीत हवी, टाइलवर ठेवून बघा.

कमान जमली की सुळ्यावर खूण करा, सुळ्याच्या पुढच्या एक तृतीयांश भागाजवळ. तिथून तार हिरडीच्या दिशेने 90 अंश वर. मग यू लूप. लूपची रुंदी साधारण सुळ्याच्या रुंदीच्या दोन तृतीयांश, उंची हिरडीच्या कडेच्या 2-3 मिमी वर. गोल टोकावरून वळवायचा, दोन्ही पाय समांतर. आणि लूप हिरडीपासून सुमारे मिलिमीटरभर बाहेर राहिला पाहिजे. टेकला तर जखम, फार बाहेर आला तर ओठ-गाल सोलून निघतो. मागचा पाय खाली येतो तो सुळा आणि पहिल्या प्रीमोलरच्या (सुळ्यामागच्या छोट्या दाढेच्या) मधल्या फटीपर्यंत, आणि तिथून तार दातांवरून टाळूकडे आत जाते.

हा आत जाण्याचा टप्पा सगळ्यात घातक. खालचं कास्ट हातात घ्या आणि बाइट लावून, म्हणजे दोन्ही कास्ट चावल्यासारखी मिटवून बघा, तार मध्ये येतेय का. फटीत पूर्ण बसली नाही तर पेशंट प्रत्येक घासाला त्या तारेवर चावणार. टाळूवर तार कास्टला चिकटून नको, अर्धा ते एक मिमी वर राहू दे म्हणजे अ‍ॅक्रेलिक खालून जाईल, आणि शेवटी छोटा हुक किंवा नागमोडी वळण द्या म्हणजे तार अ‍ॅक्रेलिकमधून सुटणार नाही.

एक बाजू पूर्ण झाली की मगच दुसरी. ज्यांचा बो डुगडुगतो त्यांचं बहुतेक दुसऱ्या लूपच्या पहिल्या वाकात बिघडलेलं असतं, कारण तेव्हा पहिला लूप हाताला अडत असतो आणि आपण प्लायर तिरका धरतो. माझं हेच होत होतं, अकरा वेळा.

अ‍ॅडम्स क्लास्प

याच्यावर वेळ घालवा, कारण प्लेट तोंडात टिकते ती याच्या जोरावर. आधी श्वार्झचा बाणाच्या टोकांचा क्लास्प होता, तो करायला खास प्लायर लागायचा. फिलिप अ‍ॅडम्स यांनी त्यातूनच साधा प्रकार काढला, एका दाढेवर दोन बाणटोकं आणि मध्ये पूल. हा पूलच हुशारीचा भाग आहे, पेशंट तिथे बोट लावून प्लेट काढतो, आणि आपल्याला अ‍ॅडजस्ट करायला पकड मिळते.

पकड येते कुठून? दाढेचा पोटाचा भाग फुगीर असतो आणि हिरडीजवळ दोन कोपऱ्यांत, पुढच्या आणि मागच्या, ती आत वळते. त्या वळणाखालच्या जागेला अंडरकट म्हणतात. बाणटोकं तिथे जाऊन बसतात. लहान मुलांमध्ये दाढ पूर्ण वर आलेली नसते, अंडरकट हिरडीखाली लपलेला असतो, तेव्हा कास्टवर त्या दोन कोपऱ्यांतली हिरडी धारदार सुरीने किंचित खरवडतात, अर्धा मिमीच्या आसपास. जास्त खरवडलंत तर बाणटोक हिरडीत घुसेल आणि पोरगं दुसऱ्या दिवसापासून प्लेट दप्तरात ठेवेल.

तार 0.7 मिमी, साधारण चार इंच.

पहिले दोन वाक पुलाचे. कास्टवर त्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर तारेवर उतरवा. पूल किती लांब हा प्रश्न इथेच सुटतो किंवा बिघडतो. लांब झाला तर बाणटोकं शेजारच्या दातांना लागतात आणि त्यांना ढकलतात. आखूड झाला तर बाणटोकं फुगवट्यावरच बसतात, खाली जातच नाहीत, आणि प्लेट जांभई दिली तरी पडते. दोन्ही वाक 90 पेक्षा थोडे जास्त, आणि दोन्ही एकाच बाजूला, एकाच सपाटीत. टाइलवर ठेवून बघा, इथे वाकडं असेल तर पुढे काही सुधारत नाही.

मग बाणटोक. पुलाच्या कोपऱ्यापासून 3-4 मिमी खाली प्लायर धरून तार उलटी वळवायची, एका झटक्यात नाही, आधी 90, मग धरलेली जागा बदलून उरलेलं, म्हणजे दोन्ही पाय जवळपास समांतर येतील आणि टोक निमुळतं राहील. मग प्लायरने दोन्ही पाय अगदी हलके जवळ घ्यायचे. दाबून एकत्र केले तर टोकाला तार चेपते आणि तिथेच तुटते. दुसऱ्या बाजूलाही तसंच. दोन्ही बाणटोकं एका उंचीची हवीत, डोळ्यासमोर धरून बघा, एक लांब एक आखूड असेल तर फेका.

आता तिसरा भाग, ज्याने मला सगळ्यात जास्त रडवलं. बाणटोकं पुलाच्या सपाटीत राहून चालत नाही, ती दाढेकडे सुमारे 45 अंशात वळवावी लागतात, म्हणजे टोकं अंडरकटमध्ये आणि पूल दाढेपासून दीड-दोन मिमी बाहेर. यासाठी बाणटोक प्लायरमध्ये अर्ध्यावर धरून वळवायचं, दोन्ही सारख्या कोनात. कास्टवर ठेवा. पूल दाढेच्या पृष्ठभागाला टेकलेला दिसला तर कोन कमी पडलाय. फार बाहेर असेल तर गालाला घासेल. बाजूने बघितलं तर पूल दाढेच्या उभ्या अक्षाशी 45 अंशात, समोरून बघितलं तर आडवा सरळ, साधारण दाढेच्या मध्यावर, चावताना खालच्या दाढेच्या मध्ये येणार नाही इतका.

इथे बाणटोकं खरंच बसलीत का ते तपासायचं, म्हणजे क्लास्प बोटाने धरून हलकं वर ओढायचं, किंचित अडलं पाहिजे. अडलं नाही तर पुढे जाऊ नका.

शेवटी हात. बाणटोकाच्या बाहेरच्या पायातून तार वर येते आणि दोन दातांच्या मधल्या फटीवरून टाळूकडे जाते. फटीत चपखल बसायला हवी, हवेत लोंबकळत नको, परत बाइट लावून बघा. मग टाळूवर खाली उतरवायची, कास्टपासून थोडी वर, टोकाला वळण देऊन कापायची. दुसरा हात करताना पहिला हलतो, म्हणून एका बोटाने पूल कास्टवर दाबून धरायचा. कोणी शेजारी मोकळा बसला असेल तर त्यालाच धरायला सांगा, आमच्या लॅबमध्ये अर्ध्या मैत्र्या अशाच झाल्या.

स्प्रिंग, आणि कॉइल का असते

तारेचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो आणि लांबीच्या तिसऱ्या घातात कमी होतो. म्हणजे 0.5 ऐवजी 0.7 मिमी तार घेतली तर तेवढंच ढकलायला जवळजवळ चौपट जोर. आणि तीच तार दुप्पट लांब केली तर जोर आठव्या हिश्शावर. एकमुळी दात कलता करायला 25 ते 40 ग्रॅम इतकाच जोर पुरतो, म्हणून स्प्रिंग बारीक आणि लांब हवी. पण तोंडात जागा कुठे आहे? म्हणून कॉइल. 3 मिमी आतल्या व्यासाच्या एका कॉइलमध्ये जवळपास 11 मिमी तार गुंडाळून बसते, हिशोब करून बघा. चकलीसारखं, कमी जागेत लांबी. हे कळलं की कुठल्या डिझाइनमध्ये लूप का आहे ते पाठ करावं लागत नाही.

फिंगर स्प्रिंग (एकेक दात बाजूला सरकवणारी) 0.5 मिमीमध्ये. बर्ड बीकच्या गोल टोकावर एक पूर्ण वेढा घ्या, टोकाचा जो भाग 3 मिमी व्यासाचा आहे तिथेच, दर वेळी वेगळ्या जागी धरलं तर प्रत्येक कॉइल वेगळ्या मापाची होते. प्लायरवर खूण करून ठेवा. कॉइल अशा बाजूला यावी की जोर लावताना ती आवळली जाते आणि दात सरकत जाईल तशी सैल होते. पुढे निघणारा हात 12-15 मिमी. अ‍ॅक्रेलिक टाकण्याआधी कॉइल आणि हात मेणाने झाका, नाहीतर अ‍ॅक्रेलिक आत शिरतं आणि इतकी सुबक स्प्रिंग दगडात गाडलेल्या खिळ्यासारखी होते. झेड आकाराच्या झी स्प्रिंगलाही हेच.

आता फिक्स्डचं, म्हणजे दातांवर चिकटवलेल्या ब्रेसेसचं थोडक्यात, कारण आजकाल पोरं विचारतात की ब्रॅकेटमध्येच (तार धरणाऱ्या, दाताला चिकटवलेल्या छोट्या तुकड्यात) सगळं असतं तर हे कशाला. एडवर्ड अँगल यांच्या 1928 च्या एजवाइज या ब्रेसेसच्या पद्धतीत सगळे वाक तारेतच द्यावे लागायचे: आत-बाहेर म्हणजे फर्स्ट ऑर्डर, टिप (दाताचा पुढे-मागे कल) म्हणजे सेकंड, टॉर्क (मुळाचा आत-बाहेर कल) म्हणजे थर्ड. 1970 च्या दशकात ऑर्थोडॉन्टिस्ट लॉरेन्स अँड्र्यूज यांनी ते ब्रॅकेटमध्ये घातले. तरी ब्रॅकेट दोन दशांश मिमी इकडेतिकडे चिकटतंच, आणि शेवटच्या सहा महिन्यांत फिनिशिंगला तारेत वाक द्यावेच लागतात. फक्त सुरुवातीची निकेल टायटॅनियम तार वाकवायला जाऊ नका, ती लवचिकच अशी आहे की सोडली की परत सरळ.

अ‍ॅक्रेलिक आणि पेशंटच्या तोंडात

सगळ्या तारा कास्टवर स्टिकी वॅक्सने पक्क्या करा, बाहेरच्या बाजूने. अ‍ॅक्रेलिक कास्टला चिकटू नये म्हणून कोल्ड मोल्ड सील लावा, सुकू द्या. मग अ‍ॅक्रेलिकचं पावडर-लिक्विड थोडं थोडं. तारा वॅक्सने नीट धरल्या नसतील तर इथे हलतात आणि केलेलं सगळं दोन मिमीने सरकतं.

पहिल्यांदा प्लेट घालताना क्लास्प बसल्याचा छोटा टक आवाज येतो. सैल वाटली तर क्लास्प घट्ट करायचा तो बाणटोक आत वळवून, पूल दाबून नाही. बो चालू करायचा तर यू लूपचे पाय जेमतेम 1 मिमी जवळ घ्या. पण लक्षात ठेवा, लूप दाबला की पुढची तार दातांच्या कडेकडे घसरते, म्हणून लूपच्या बुडाशी उलटा छोटा वाक देऊन ती परत वर आणायची. फिंगर स्प्रिंग 3 मिमीपर्यंत चालते. जास्त जोर लावला की दात लवकर सरकतो असं नाही, दुखतो आणि आई प्लेट काढून ठेवते. महिन्याला साधारण एक मिमी, तीन-चार आठवड्यांनी बोलवा. आणि पेशंटच्या घरच्यांना स्पष्ट सांगा की घरी पकडीने तार आवळायची नाही. एका काकांनी केलं होतं, घड्याळ दुरुस्त करायची हौस होती त्यांना.

प्लेट तुटून आली, आणि येतेच, कधी रुमालात गुंडाळून, कधी कंपासपेटीत, तर नवीन बनवायच्या आधी तुटलेलं टोक नीट बघा, भिंग असेल तर भिंगातून. तुटलेल्या कडेला प्लायरची खाच किंवा फाइलचा ओरखडा दिसला तर तार तिथूनच तुटलीय, चूक तुमच्या बेंचवरची. फटीवरच तुटली असेल आणि तिथे चपटी चमक दिसत असेल तर पेशंट तारेवर चावत होता, नवीन तार तशीच केली तर तीही तुटेल, आधी बाइट तपासा. आणि बाणटोकाच्या टोकाशी तुटली असेल तर तो पाय दाबताना जोर जास्त लागलाय, तो क्लास्प जोडत बसू नका, अ‍ॅक्रेलिक तेवढंच कापून नवा बसवा.